जळणाच्या भावात घेतलेली होडी

जुनी मशीनं घेणं आणि विकणं हा माझा धंदा. भिवंडीत एखादा कारखाना बंद पडायला आला, की शटरला कुलूप लागायच्या आत मला फोन येतो. मी जातो, लूम बघतो, भाव करतो. लूम बघताना सगळ्यात आधी बघतो तो रंग. नवा रंग दिसला की मी दोन पावलं मागे येतो. ज्या लोखंडाला लपवायचं काही नाही, त्याला विकायच्या आदल्या आठवड्यात कुणी रंग देत नाही. दुसरं तेल. तेलाने निथळणारं मशीन मी आधी पुसून कोरडं करायला लावतो, मगच हात लावतो. तेलाखाली तडा दिसत नाही आणि झिजलेल्या चाकाचा आवाजही दबतो. तिसरं, मालकाचं बोलणं. 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' असं तो म्हणाला, की समजायचं, दुसरं गिऱ्हाईक नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण विकायची वेळ आली की मीही हेच सांगतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी बारा वर्षांचा असताना एका माणसाने माझ्या बापाची होडी कशी घेतली ते पाहिलं. माझी शाळा तेवढीच.

आमचं घर तेव्हा कोन गावाच्या पुढे, खाडीला लागून होतं. बापाची होडी अठ्ठावीस फुटी, सागवानी, एका शिडाची. तिच्यातून तो पेंढा न्यायचा, विटा न्यायचा, लग्नसराईत वऱ्हाडं पलीकडे सोडायचा. मग त्याला खोकल्याने धरलं. पाच-सहा महिने होडी तिवरांच्या झाडीत बांधून पडली. औषधाला पैसे लागत होते, म्हणून होडी विकायची ठरली. खाडीवरच्याच दुसऱ्या गावातला एक होडीवाला बघायला आला. वयाने बापाएवढाच. त्याच्या हातात दाभणापेक्षा जाड असा लोखंडी टोच्या होता. तो होडीभोवती एक फेरी फिरला.  नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, जरा मागे डाव्या अंगाला त्याने टोच्या लावला आणि तळहाताने ठोकला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला.

"सडलीय," तो म्हणाला. "जळणाच्या भावात देतोस तर नेतो."

बाप खोकला. मी वाट बघत होतो, की आता हा शिवी घालेल. माझा बाप साध्या गोष्टीवरून भांडणारा माणूस होता. पण त्याने खोकला थांबू दिला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "ने."

ती सडलेली होडी पुढे कितीतरी वर्षं त्या माणसाने चालवली. आम्ही निजामपुऱ्यात दहा बाय दहाच्या खोलीत आलो. बाप लूमवर लागला. कापसाची धूळ त्याच्या छातीला मानवणारी नव्हतीच. चार वर्षांत तो गेला. मी कांड्या भरायला लागलो, मग लूमला तेल घालायला, मग मोडके लूम किलोवर घेऊन त्यांतले चालणारे भाग विकायला. कल्याणला माल घेऊन जाताना पुलावरून कधी कधी ती होडी दिसायची, शीड फुगलेलं, भरून चाललेली. मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मनात म्हणायचो, बघ, जळण चाललंय पाण्यावरून.

म्हणून गेल्या वैशाखात कळलं, की तो म्हातारा होडी विकतोय, तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवला.

बातमी माझ्या मिस्त्रीने आणली. हा उत्तर प्रदेशातला, वीस वर्षं माझ्याकडे आहे. लूमला कान लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. त्याला एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं, की हायवेवरच्या रिसॉर्टचा मालक एक जुनी होडी शोधत होता आणि त्याला ती मिळाली आहे. उभी कापून अर्धी रिसेप्शनचं टेबल करणार, अर्धी बाहेर लायटिंग करून गेटवर लावणार.

"कोई रिसॉर्टवाला नहीं है," मी म्हणालो. "बुढ्ढे ने बात फैलाई है, भाव बढ़ाने के लिए।"

"सेठ, हम होडी लेके बेचेंगे किसको? इसमें तो मोटर भी नहीं है।"

"बेचने के लिए नहीं ले रहा।"

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला. वीस वर्षांत हे वाक्य त्याने माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला दोन गोष्टी हव्या होत्या. होडी हवी होती. आणि तिला टोच्या लावून त्या माणसाच्या तोंडावर त्याचंच वाक्य फेकायचं होतं. नुसती होडी मिळाली असती तर माझं अर्धंच काम झालं असतं.

आम्ही स्कूटरवर गेलो. त्या गावाला आता गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं. तीन बाजूंनी गोडाऊन, कंटेनर मागे घेणाऱ्या ट्रकांची पीं पीं, आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे भिंतीला वळसा घालून गेलं की अचानक खाडी. एका घरासमोर बाई सुकट पसरत होती. पन्नाशीची असेल. म्हाताऱ्याची सून.

"होडी बगाला आलाव?" तिने वर न बघता विचारलं. "बगा. पान्यान हाय."

म्हातारा बदामाच्या झाडाखाली खाटेवर बसला होता. मी त्याला लगेच ओळखलं. तो मला ओळखेल अशी भीती नव्हती. दोन्ही डोळ्यांवर ढग आले होते. मी कोण हे मी सांगितलं नाही. गिऱ्हाइकाने आपली गरज दाखवली की भाव तिथेच चढतो. आणि हा तर माझ्या बापाची होडी म्हणून काय मागेल याचा नेम नव्हता.

"भिवंडीहून आलोय, काका," मी म्हणालो. "जुना माल घेतो."

"बग ना मंग," तो म्हणाला.

होडी लहानशा ओहळात होती आणि बुडलेली होती. काठोकाठ पाणी भरलेलं. वर फक्त कडा आणि नाळेचं टोक. आत मोठाले दगड ठेवले होते, ती वर येऊ नये म्हणून. पाणी काळं, गढूळ. हातभर खाली काही दिसत नव्हतं.

माझ्या डोक्यात एकदम घंटा वाजली. एवढा मोठा तेलाचा थर मी कुठल्याच मशीनवर पाहिला नव्हता.

"काका, ही बुडालीय."

"बुडाली न्हाय. बुडवलीय. तीन दिस झालं. आनखी चार दिस जाऊ दे, मंग पानी काढून दावतो."

"आधी पाणी काढा. मला कोरडी बघायचीय."

"कोरडी कंला?"

"पाण्यात काय दिसतं? भोकं असतील, फळ्या गेलेल्या असतील. असा माल मी घेत नाही."

म्हातारा जरा पुढे वाकला. मान तिरकी करून माझा आवाज ऐकत असल्यासारखा. मग म्हणाला, "कोरडी बगशील तर फसशील."

मला हसू आलं. हे वाक्यही मी लूम विकताना वापरलेलं आहे. 'पुसू नका सेठ, तेल असू द्या, गंज धरेल.'

"मी फसेन ते माझं मी बघेन. पाणी काढून वर ओढा. आठ दिवस उन्हात राहू दे. मग येतो आणि काय ते एकदाच बोलतो."

सुकटीजवळून सून बोलली, "गाय घेवाला गेलाव तर तिला आठ दिस उपाशी ठेवून दूध काराला सांगाल का?"

"ताई, गाय घ्यायची तर तिच्या अंगावरची झूल काढून बघणार. उगाच भरलेलं पोट नाही बघणार."

"मोठं आलंय गिऱ्हाईक," ती म्हणाली. "त्यो हाटेलवाला बरा. बगलान आन हो म्हनला."

"मग त्यालाच द्या की."

मी हे बोललो आणि तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. दुसरं गिऱ्हाईक खोटं असलं, की अशा वेळी माणूस चटकन डोळे वळवतो. ती सुकट उलटत होती. डोळे आधीपासूनच खाली होते. काही कळलं नाही.

शेवटी म्हाताराच बोलला. "सुकवाची तर सुकव. पन मजुरी तुझी. आन मंग मना बोल लावू नको."

मी तिथल्याच गोडाऊनमधले दहा हमाल आणले. पाणी उपसलं, दगड काढले, भरतीच्या वेळी होडी ओढून वर घेतली आणि ओंडक्यांवर ठेवली. मजुरी रोख दिली. म्हातारा खाटेवरून हलला नाही. दोराचा ताण सुटल्याचा आवाज झाला तसा त्याने फक्त विचारलं, "सावलीत ठेवलीस का उन्हात?"

"उन्हात."

त्याने तोंड फिरवलं. परत येताना मी मिस्त्रीला म्हणालो, "देखा? डर गया।"

ते आठ दिवस माझे चांगले गेले. लोखंड बाजारातून एक टोच्या घेतला आणि त्याला लाकडी मूठ बसवून घेतली. आरशासमोर उभं राहून वाक्य म्हणायची मला सवय नाही, पण दाढी करताना ते तोंडात यायचं. जळणाच्या भावात देताय तर नेतो. देताय म्हणावं की देतोस, एवढाच प्रश्न होता.

नवव्या दिवशी गेलो. होडी बघितली आणि मला आनंद झाला, हे लपवत नाही. फळ्यांच्या मधल्या सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. सांध्यात भरलेला कापूस सुकून जागोजाग लोंबत होता. मिस्त्रीने एका फटीत करंगळी घातली.

"सेठ, यह तो छलनी है।"

"म्हणूनच पाण्यात ठेवली होती," मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. "काका, ही चाळण आहे चाळण. हिच्यात बसून अंघोळ करायची का?"

सुनेने म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं. त्याने होडीला तळहात लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. प्रत्येक फटीवर त्याचा हात जरा थांबायचा.

"फाटली न्हाय," तो सुनेला म्हणाला, मला नाही. "चिरली न्हाय कंय. निस्ती उघडलीय."

मी आधी शीड मागितलं. ते सुनेने चुलीच्या लाकडांवर झाकायला घातलं होतं. तिने ओढून आणलं, त्यातून एक पाल पळाली. कापड माझ्या ओळखीचं, तिथे मला कुणी फसवू शकत नाही. खिशातून धागे मोजायची काच काढली. जाडं मादरपाट, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवलेलं, एका कोपऱ्यात उंदरांनी खाल्लेलं, चार ठिगळं. ठिगळं भिवंडीच्या लूमची होती, सुताच्या ताणावरून कळत होतं.

"काचेनं काय बगताव?" सुनेने विचारलं. "भविष्य?"

"धागे मोजतो."

"मोजून झालं की घडी घाला. मी लाकडांवर कं घालू आता?"

मग मी टोच्या काढला.

म्हाताऱ्याला तो दिसला नसणार. पण मी नाळेजवळ गेलो, डाव्या अंगाला, जिथे त्याने टोच्या लावला होता बरोबर तिथे. ती जागा मी विसरणं शक्य नव्हतं. टोच्या लावला आणि तळहाताने ठोकला.

टोच्या घसरला. फळीवर नुसता पांढरा ओरखडा उठला आणि मूठ माझ्या अंगठ्याच्या मुळाशी रुतली. मी पुन्हा ठोकला. पुन्हा घसरला. हाडावर ठोकल्यासारखं. मी वीतभर मागे आलो, ठोकलं. आणखी मागे, ठोकलं. उजव्या अंगाने, खालच्या बाजूने, सगळीकडे. रुपयाचं नाणं घेऊन वाजवलं. फुटलेल्या ओतीव लोखंडाचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. आतून पोकळ झालेलं लाकूडही तसंच बद्द वाजतं. इथे सगळीकडे टणक, कोरडा आवाज.

मिस्त्री होडीत चढून आत बसला होता. त्याने हाक मारली.

"सेठ, इधर आओ। यह एक पटरी बाद की है।"

मी आत चढलो. नाळेजवळची डावीकडची एक लांब फळी बाकीच्यांपेक्षा गडद होती. तिला आतून धरणाऱ्या तीन फासळ्याही वेगळ्या. बाकीच्या होडीत तांब्याचे खिळे होते, इथे लोखंडाचे.

"कितनी पुरानी होगी?"

मिस्त्रीने खिळ्याच्या डोक्यावर नख घासलं. "बहुत। कील लकड़ी में घुल गई है। आजकल का काम नहीं है।"

मी वरून विचारलं, "काका, ही पुढची फळी कधी बदलली?"

"ती? घेतली त्याच वर्साला." म्हातारा खाली उभा राहून होडीच्या कडेला हात धरून बोलत होता. "ज्याची व्हती त्यो मानूस आजारी व्हता. सा महिने होडी चिखलान पडलेली, आत पावसाचं पानी. मी घरी नेली, फळीला हात घातला तर हाताशी चुरा आला. मागच्या फासळ्यापन तशाच. त्यानं तवा ती भरून काढली असती ना, मध्ये खाडीन गेला असता. पोरांसकट."

मी कडेला धरून बसलो होतो. अंगठ्यातून रक्त येत होतं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की टोच्याचा काहीतरी हातचलाखीचा प्रकार होता. फळीच्या फटीत घातला असेल, आधीच भोक पाडून ठेवलं असेल. कितीतरी रीतींनी मी ते मनात करून बघितलं होतं. आणि फळी खरंच सडलेली होती.

"म्हणजे जळणाचा भाव बरोबरच होता," मी म्हणालो. 

"न्हाय," म्हातारा म्हणाला. "भाव खोटा व्हता. सडली व्हती एक फळी. मी बोल्लो, होडी सडलीय."

सून मध्येच म्हणाली, "तुमी कं सांगताव सगळं त्यांना?"

"इचारतोय त्यो. जळनाचा भाव याला म्हाईत हाय, म्हंजी त्याच्या बापाची व्हती."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. माझं डोकं तापलं. मी होडीतून उडी मारली.

"ओळखलं होतं तर बोलला का नाही? आंधळ्याचं सोंग घेऊन बसलात! माझ्याकडून हमालांची मजुरी काढलीत, होडी सुकवून घेतलीत—"

"वरडू नको. तुझा बापूसपन असाच वरडायचा, दम संपला की खोकायचा." तो शांत होता. "पैल्या दिशी आवाज आयकला तवाच वाटला, त्याचाच पोऱ्या. मंग तू बोललास, पानी काढा, उन्हान ठेवा. तवा मी म्हनलो, न्हाय, चुकलो. त्या मानसाचा पोऱ्या होडी सुकवाला सांगनार न्हाय."

 आणि तेव्हाच मला आठवलं. दर वर्षी हंगामाच्या आधी बाप होडी बुडवून ठेवायचा. महिनोन्महिने काठावर पडून लाकूड आकसतं, सांधे उघडतात. पाणी पिऊन फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. त्या दिवसांत होडी म्हणजे आम्हा पोरांची विहीर असायची. मी तिच्या कडेवर बसून आत पाय सोडून बसलेलो आहे. मी स्वतः. ते मी विसरलो होतो, आणि तेल पुसून बघायची रीत मात्र विसरलो नव्हतो.

तेवढ्यात सुनेचा मोबाइल वाजला. तिचे हात सुकटीचे, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. रिसॉर्टवाला होता. "टेम्पो उद्या सकाळी पाठवतो, ताई. आठ माणसं येतील. सुकली ना? बरं झालं, भिजलेली कापायला त्रास देते."

म्हणजे दुसरं गिऱ्हाईक खरं होतं. आणि आठ दिवस स्वतःच्या खर्चाने मी त्याचाच माल तयार करत होतो.

"थांबायला सांगा त्याला," मी म्हणालो.

"कवर?" सुनेने विचारलं.

"भाव होईपर्यंत."

ती सासऱ्याकडे बघून फोनमध्ये म्हणाली, "संध्याकाळी सांगतो हं," आणि फोन बंद केला.

म्हातारा खाटेवर जाऊन बसला. "बोल आता."

ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. नऊ दिवस घोळवलेलं, आणि त्याआधी कितीतरी वर्षं. चाळण झालेली होडी समोर होती, सगळ्या जगाला दिसत होती. 'होडी सडलीय' म्हणायला काही लागलं नसतं. मी एखादं अनोळखी गिऱ्हाईक असतो तर म्हणालोही असतो आणि घरी जाऊन जेवलो असतो. पण ती सडली नव्हती, ती मी सुकवली होती, आणि हे त्या अंगणात आम्हा तिघांनाही माहीत होतं. मिस्त्रीलाही आता कळलं होतं.

"एका फळीचा भाव तुम्ही दिलात," मी म्हणालो. "बाकीच्या होडीचा राहिला."

"राहिला."

"तो कापून घेणार."

"घे. पन फळी मी घातली, फासळ्या मी घातल्या. त्याचा खरच तू धर."

"धरला. आणि इतकी वर्षं भाडं तुम्ही खाल्लंत, त्याचं?"

"आन दर वर्साला तेल, राळ, कापूस कोन घालत व्हता? तुझा बापूस?"

"बापाचं नाव काढू नका."

"तूच काढलास."

"तुमी होडी इकताव का पोरीचं लगीन जमवताव?" सून म्हणाली. "माजी सुकट करपली."

म्हाताऱ्याने हाताने तिला थांबवलं. "हाटेलवाला देतो त्यो भाव धर. त्याच्यातून तुझ्या बापाचा ऱ्हायलेला काढ. किती, ते तूच सांग. मी बोलनार न्हाय."

हा डाव मला नवीन होता. आकडा मला सांगायला लावून तो मोकळा. जास्त कापला तर मी त्याच्यासारखा. कमी कापला तर बापाचं नुकसान. मी बोटांवर हिशेब केला, मोडला, पुन्हा केला. भिंतीपलीकडे एक ट्रक मागे येत होता, कुणीतरी 'आने दे, आने दे' ओरडत होतं. मग मी आकडा सांगितला. मला वाटत होतं त्यापेक्षा तो जरा लहान निघाला.

"बरं," म्हातारा म्हणाला.

"आणि शीड वरती फुकट."

"आमची लाकडं भिजतील," सून म्हणाली.

"ताडपत्री पाठवतो."

"चांगली पाठवा. तुमच्यासारखी जुनी नको."

पैसे दिले तेव्हा म्हातारा म्हणाला, "तू सुकवलीस, तू बुडव." अमावस्येच्या मोठ्या भरतीला तेच दहा हमाल पुन्हा आणले. त्यांना वाटलं शेठला ऊन लागलंय. आधी वर ओढायला पैसे देतो, मग खाली ढकलायला. होडी पाण्यात गेली आणि सगळ्या फटींतून पाणी आत आलं. बघता बघता भरली. मी दगड टाकले, आणि होडी काळ्या पाण्याखाली गेली.  फटी पुन्हा मिटतील याची मला कुठली हमी होती? म्हाताऱ्याच्या शब्दाची. त्याच्या शब्दाचा माझा अनुभव काय होता ते मी सांगितलंच आहे.

रोज सकाळी धंद्यावर जायच्या आधी तिकडे जात होतो. पाण्यात हात घालून सांधे चाचपायचो. चौथ्या दिवशी नख जाईना. आठव्या दिवशी पाणी उपसलं. मी होडीत उतरलो, बरोबर पांढऱ्या कोऱ्या कापडाचा एक तागा नेला होता. लूमचं तेल बघायला वापरतो तसे तुकडे फाडून प्रत्येक सांध्यावर दाबून धरले. म्हाताऱ्याला सुनेने आणून काठावर बसवलं होतं.

"कं करतोय त्यो?" त्याने विचारलं.

"होडीला पट्ट्या बांधतोय," ती म्हणाली. "दवाखाना उघडलाय."

म्हाताऱ्याच्या फळीचे सांधे कोरडे होते. तुकडा पांढरा तो पांढराच. बाकीचेही. फक्त उजव्या अंगाला, मागे, सुकाणूच्या जवळ एक तुकडा हळूहळू ओला झाला. ती बापाच्या वेळचीच फळी होती, तांब्याच्या खिळ्यांची. मी दुसरा तुकडा लावला. तोही ओला.

"एक ठिकाणी येतंय," मी म्हणालो.

"कुठं?"

मी सांगितलं. म्हातारा हसला. "तिथं पैल्यापासून येतं. तुझा बापूसपन तिथं चिंधी कोंबायचा. कापूस आन तेल भर."

कापसाची मला काय कमी? ओळखीच्या कारखान्यातून लूमचं वेस्ट गोणी भरून आणलं. तेलात भिजवलं आणि बोथट छिन्नीने ठोकून भरलं. म्हातारा ठोकण्याचा आवाज ऐकत होता. "जोरानं न्हाय," म्हणायचा. "फुगाला जागा ठेव." संध्याकाळपर्यंत तुकडा कोरडा राहिला.

"रंग कंचा देनार?" त्याने विचारलं.

"रंग देणार नाही."

"बरा करतोस," तो म्हणाला.

होडी आता माझी आहे. शिडाला नवा कोपरा बसवला. सुनेला ताडपत्री पाठवली, नवी, आणि तिने ती दोन्ही बाजूंनी उलटून तपासली. म्हाताऱ्याला दोनदा बसवून फिरवून आणलं. तो पुढे नाळेजवळ त्याच्या फळीला टेकून बसतो आणि मी सुकाणू चुकीचं धरलंय हे डोळे नसताना सांगतो.

पण एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. मी आकडा सांगितल्यावर तो एकदम 'बरं' म्हणाला. घासाघीस नाही, काही नाही. माझ्या धंद्यात एवढ्या लवकर कुणी हो म्हटलं, की मी सौदा मोडून परत तपासणी करतो. म्हणून होडीत चढलो की आधी तळाच्या सुट्या फळ्या उचलतो आणि खाली हात घालतो. हात कोरडा येतो. मग दुसऱ्या बाजूनेही घालून बघतो.